गल्लीतल्या मोठ्या माणसांचा गुणगौरव: इंदूरच्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

आमच्या मंडळाचा पहिला गुणगौरव समारंभ संध्याकाळी सहाला सुरू झाला आणि सव्वादहाला संपला. चौदा सत्कारमूर्ती होते. त्यांत एक वयस्कर तबलजी होते, आयुष्यभर दुसऱ्यांच्या मैफलींत साथीला बसलेले. त्यांचा नंबर तेरावा. नाव पुकारलं तेव्हा सभागृहात तीसेक माणसं उरली होती, बाकीची जेवणाच्या रांगेत. मानपत्रात त्यांच्या गुरूंचं नाव चुकलं होतं. त्यांनी ते व्यासपीठावरच वाचलं, नमस्कार केला आणि खाली उतरले. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला त्यांच्या घरी गेले. ते एवढंच म्हणाले, "ताई, माझं नाव चुकलं असतं तर चाललं असतं."

त्यानंतर अकरा वर्षं मी मंडळाची सचिव होते. हे काम कुठे फसतं आणि कुठे जमतं, ते हळूहळू कळत गेलं. आता रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर अशा वस्त्यांतली नवी मुलंमुली विचारायला येतात की आम्हालाही आपल्या भागातल्या लोकांचा सत्कार करायचाय, सुरुवात कुठून करू? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. समारंभाच्या आधी निदान तीन महिने हातात ठेवा. त्याहून कमी वेळ असेल तर यंदा एकाच माणसाचा सत्कार करा, पण नीट करा.

## १. किती जणांचा, ते आधी ठरवा

कला, सेवा आणि क्रीडा असे तीन विभाग बहुतेक मंडळं धरतात. ते ठीक आहे. एकूण सत्कारमूर्ती मात्र पाचाच्या वर नेऊ नका. हिशेब करून बघा. एका माणसाला निदान बारा मिनिटं लागतात. परिचयाला चार, मानपत्र वाचून द्यायला तीन आणि त्यांच्या स्वतःच्या बोलण्याला पाच. पाच जणांचा एक तास झाला. प्रास्ताविक, पाहुण्यांचं भाषण, आभार मिळून अर्धा तास. दीड तास लोक मनापासून बसतात, त्यापुढे चुळबुळ सुरू होते. आणि ती चुळबुळ नेमकी शेवटच्या सत्कारमूर्तीच्या वाट्याला येते.

एखाद्या वर्षी एका विभागात योग्य नाव सापडलं नाही तर तो विभाग रिकामा ठेवा. "क्रीडा भरायचंय म्हणून कुणीतरी" असं झालं की पुढच्या वर्षीच्या खऱ्या खेळाडूचाही मान कमी होतो.

## २. माणसं शोधायला घराबाहेर पडा

आम्ही पहिल्या वर्षी सूचनाफलकावर कागद लावून अर्ज मागवले. अर्ज आले ते ज्यांना अर्ज करता येतात त्यांचे. तबलजींचं नाव अर्जातून आलं नव्हतं, ते एका गायिकेने सुचवलं होतं. म्हणून अर्ज मागवायचे असतील तर मागवा, पण शोधायला स्वतः फिरा.

सकाळी साडेसहाला मैदानावर जा. खो-खो आणि मल्लखांबाची मुलं ज्यांच्या शिट्टीवर धावतात, त्या माणसाला भेटा. मल्लखांब २०१३पासून मध्य प्रदेशाचा राज्य क्रीडाप्रकार आहे, पण वस्तीतल्या मैदानात मुलांना शिकवणारा प्रशिक्षक अजूनही बऱ्याचदा पदरमोड करून खांबाला तेल लावत असतो. हौशी नाटकाच्या तालमीला जा आणि नटांना नव्हे, नेपथ्य उभं करणाऱ्याला, रंगभूषा करणाऱ्याला, घंटा देणाऱ्याला विचारा की किती वर्षं करताय. एम. वाय. रुग्णालयाच्या आवारात संध्याकाळी फेरी मारा. बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांना डबे पोहोचवणारी माणसं तिथे दिसतील. हार्मोनियम दुरुस्त करणारा, वाचनालयात पुस्तकं शिवणारा, अंत्यविधीला न बोलावता येऊन सगळं सांभाळणारा असे लोक प्रत्येक वस्तीत आहेत.

शिकवणाऱ्यांकडे जास्त लक्ष द्या, असं मला मनापासून वाटतं. इंदूरच्या चित्रकला शाळेत द. दा. देवळालीकर मास्तरांनी शिकवलं. त्यांच्या विद्यार्थ्यांत ना. श्री. बेंद्रे, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर, मकबूल फिदा हुसेन. हुसेन यांचं नाव जगाला माहीत झालं, मास्तरांचं नाव आपल्यातल्याच किती जणांना सांगता येईल? तुमच्या गल्लीतही असा एखादा मास्तर असेल.

दुसरी गोष्ट भाषेची. मंडळ मराठी आहे म्हणून सत्कारमूर्तीही मराठीच हवेत, हा आग्रह या शहराला शोभत नाही. कर्नल सी. के. नायडू नागपूरचे, घरची भाषा तेलुगू. १९३२मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचं कर्णधारपद त्यांनी केलं. होळकरांच्या आश्रयाला इंदुरात आले आणि इंदूरचेच झाले. त्यांच्या काळात होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. गायकीतलं इंदूर घराणं ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते उस्ताद अमीर खाँ इथेच वाढले. त्यांचे वडील शाहमीर खाँ सारंगीवादक, म्हणजे साथीचेच कलाकार. आपल्या शहराने माणूस हेरताना त्याची मातृभाषा विचारली नाही, आपणही विचारू नये.

आणि वयाचा विचार करा. डॉ. भक्ती यादव यांनी इंदुरात कितीतरी दशकं गरीब बायकांची बाळंतपणं पैसे न घेता केली. त्यांना पद्मश्री जाहीर झाली २०१७च्या जानेवारीत, वयाच्या नव्वदीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या गेल्या. यादीत पंच्याऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर "पुढच्या वर्षी बघू" म्हणू नका.

## ३. निवड समिती आणि तिची वही

पाच जणांची समिती पुरे. त्यात निदान दोघं मंडळाबाहेरचे घ्या, एक कलेतला आणि एक खेळातला. नियम कागदावर लिहा:

- मंडळाच्या चालू कार्यकारिणीतल्या कुणाचाही सत्कार नाही.
- आपल्या नात्यातलं नाव चर्चेला आलं की त्या सदस्याने त्या वेळी खोलीबाहेर जायचं.
- देणगी देणाऱ्याने नाव सुचवायला हरकत नाही, पण ते बाकीच्या नावांसारखंच तपासायचं.
- प्रत्येक निवडीचं कारण दोन-तीन ओळींत इतिवृत्ताच्या वहीत लिहायचं आणि खाली पाचही सह्या.

ही कारणांची ओळ सगळ्यात महत्त्वाची. "समाजसेवेतील भरीव योगदान" असं लिहिलं असेल तर समितीने त्या माणसाची चौकशीच केलेली नाही, असं समजा. "सतरा वर्षं दर रविवारी अनाथाश्रमात केस कापतात" असं लिहिता आलं पाहिजे.

एकदा एका दात्याने सभागृहाचं सगळं भाडं देऊ केलं आणि सोबत स्वतःच्या मेहुण्यांचं नाव दिलं. आम्ही ते भाडं नाकारलं आणि त्या वर्षीचा कार्यक्रम एका घराच्या गच्चीवर केला. साठ माणसं होती. अजूनही लोक त्या कार्यक्रमाची आठवण काढतात.

## ४. होकार घ्या, तोही घरी जाऊन

फोनवर कळवू नका. दोघांनी घरी जा, घरातल्यांसमोर सांगा, विचार करायला आठवडाभर द्या. काही माणसं नाही म्हणतात. रुग्णालयात डबे देणाऱ्या एक बाई आम्हाला म्हणाल्या, "माझं नाव पुकारलंत तर उद्यापासून मला तिथे लाजल्यासारखं होईल." आम्ही आग्रह केला नाही. त्यांची परवानगी घेऊन कार्यक्रमात त्यांचं नाव न घेता त्या कामाबद्दल मात्र सांगितलं, आणि महिन्याभरात चार घरांतून डबे सुरू झाले.

होकार मिळाला की तिथेच हे विचारून घ्या:

- नाव नेमकं कसं लिहायचं? आडनाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव हवं की नको?
- जिना चढता येतो का? खुर्ची लागेल का? औषधाच्या, जेवणाच्या वेळा?
- सोबत घरचे किती जण येणार? त्यांच्या जागा पहिल्या दोन रांगांत राखून ठेवा.
- कार्यक्रमात बोलायला आवडेल का? नको असेल तर कुणी त्यांच्या वतीने बोलेल?
- छायाचित्रं आणि माहिती छापायला परवानगी आहे का? यावर सही घ्या.

## ५. प्रत्येकाची एक फाईल

एक साधी पुठ्ठ्याची फाईल करा. त्यात असावं:

- सही केलेलं संमतिपत्र
- एक पानी जीवनपट: जन्मवर्ष, शिक्षण, गुरू किंवा प्रशिक्षक, कामाची सुरुवात कोणत्या साली
- खेळाडू असेल तर स्पर्धेचं नाव, वर्ष, ठिकाण आणि निकाल, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्सवरून उतरवलेला
- कलाकार असेल तर कार्यक्रमपत्रिका, कात्रणं, जुनी छायाचित्रं
- सेवाकार्य असेल तर ज्यांना त्या कामाचा उपयोग झाला अशा दोन-तीन माणसांचं म्हणणं, त्यांच्याच शब्दांत
- यापूर्वी मिळालेले पुरस्कार, वर्षासकट
- एक चांगलं, अलीकडचं छायाचित्र

मूळ कागद कधीही घेऊन येऊ नका. तिथेच मोबाईलवर स्कॅन करा आणि परत द्या. आमच्या हातून एका खेळाडूचं १९७०च्या दशकातलं प्रमाणपत्र गहाळ झालं होतं. दोन वर्षांनी ते दुसऱ्याच फाईलमध्ये सापडलं, पण ती दोन वर्षं मी त्यांच्या दारावरून जाणं टाळत होते.

सांगोवांगी माहिती दोनदा तपासा. घरचे प्रेमाने "राष्ट्रीय" म्हणतात ती स्पर्धा कधी कधी विभागीय निघते. विभागीय असली म्हणून त्या माणसाचं मोठेपण कमी होत नाही. चुकीचं "राष्ट्रीय" छापलं आणि सभागृहातल्या जुन्या खेळाडूने ते ओळखलं, तर मात्र सत्कारमूर्तीची मान खाली जाते.

## ६. मानपत्र

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. शाल कपाटात जाते, नारळ दुसऱ्या दिवशी फुटतो, भिंतीवर मानपत्र राहतं. नातवंडं वाचणार ती तेच.

मानपत्रातून विशेषणं काढा आणि कामं घाला. उदाहरण आपल्या घरचंच घेऊ. मुश्ताक अली इंदूरचे. त्यांच्याबद्दल "थोर, शैलीदार आणि लोकप्रिय फलंदाज" असं लिहिलं तर ते कुठल्याही फलंदाजाला लागू पडेल. आता हे वाचा: "१९३६च्या इंग्लंड दौऱ्यात मँचेस्टरला विजय मर्चंट यांच्यासोबत सलामीला येऊन त्यांनी २०३ धावांची भागी केली. त्यांच्या त्या ११२ धावा म्हणजे भारताकडून परदेशात झालेलं पहिलं कसोटी शतक." यात कौतुकाचं एकही विशेषण नाही, आणि हे दुसऱ्या कुणाबद्दलही लिहिता येणार नाही. मानपत्रातलं प्रत्येक वाक्य असंच पारखा. नाव बदलून दुसऱ्याचं घातलं तरी चालतंय का? चालत असेल तर ते वाक्य काढा.

तुमचे सत्कारमूर्ती मुश्ताक अली नसतील. पण "बत्तीस वर्षांत एकही गणेशोत्सव न चुकवता भजनाला पेटीची साथ केली" हे वाक्यही तितकंच त्यांचं एकट्याचं आहे.

मानपत्र दीडशे ते दोनशे शब्दांचं ठेवा. वाचायला दोन-तीन मिनिटं. संस्कृतप्रचुर भाषा मोठ्याने वाचताना अडखळते, म्हणून आधी स्वतः मोठ्याने वाचून बघा. "आपण" म्हणून त्यांना उद्देशून लिहायची जुनी पद्धत मला आवडते. ती वाचताना माणूस समोर उभा असतो, आणि सभागृहाला तो संवाद वाटतो.

काही सापळे:

गुरूंचं नाव. ते सत्कारमूर्तींकडून लिहून घ्या, ऐकून लिहू नका. हे मी कुणापेक्षा जास्त ठामपणे सांगू शकते.

पदव्या आणि पद्म पुरस्कार. कुणाला पद्मश्री मिळालेली असेल तर ती नावाआधी बिरुदासारखी लावायची नसते. पद्म पुरस्कार आणि भारतरत्न हे किताब नाहीत, ते नावापुढे किंवा मागे लावता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये स्पष्ट केलं आहे. पत्रिकेत "पद्मश्री अमुक" असं छापण्याऐवजी परिचयात "त्यांना अमुक वर्षी पद्मश्रीने गौरवण्यात आलं" असं लिहा. पाहुण्यांच्या बाबतीतही हीच काळजी घ्या.

भाषा. मानपत्र मराठीत असू द्या. पण इंदुरात जवळजवळ प्रत्येक घरात एक सून, एक जावई किंवा शेजारी हिंदी बोलणारे असतात, आणि सत्कारमूर्तीही अमराठी असू शकतात. मागच्या बाजूला हिंदी मजकूर छापा. हिंदी मजकूर हिंदी चांगली असलेल्या माणसाकडूनच लिहून घ्या. आपण मराठी माणसं हिंदीतही मराठी वळणाचंच काहीतरी लिहून बसतो.

शेवटचं वाचन. छापायला देण्याआधी मसुदा सत्कारमूर्तींच्या घरी न्या. एका माणसाला मोठ्याने वाचायला सांगा. चुका कानाला आधी कळतात. घरच्यांनी "बरोबर आहे" म्हणून सही केल्याशिवाय छपाई नाही.

## ७. दिवस, जागा, परवानग्या

दिवस ठरवताना इंदूरचं कॅलेंडर समोर ठेवा. अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या गाड्या, निघतात आणि शहराचा मध्यभाग बंद असतो. रंगपंचमीला राजवाड्याच्या बाजूला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, त्या दिवशी तिकडे ज्येष्ठ माणसांना बोलावणं शक्यच नाही. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे, त्यामुळे लाऊडस्पीकरबाबत प्रशासन कडक असतं. ३१ मेला अहिल्याबाई होळकरांची जयंती म्हणून अनेक मंडळांना तोच दिवस हवा असतो. हौस मी समजू शकते, पण मेच्या उन्हात ऐंशीच्या माणसाला दुपारी चारला घराबाहेर काढू नका. तो दिवस हवाच असेल तर सकाळी नऊला कार्यक्रम ठेवा. मला स्वतःला डिसेंबर-जानेवारीतला रविवार सकाळचा वेळ सगळ्यात बरा वाटतो.

पत्रिकेवर तिथी छापणार असाल तर एक खास इंदुरी अडचण आहे. आपला मराठी महिना अमावास्येला संपतो आणि इथल्या हिंदी पंचांगातला पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोन्ही जुळतात, वद्य पक्षात महिन्याचं नाव बदलतं. जन्माष्टमी आपल्याला श्रावण वद्य अष्टमी, शेजाऱ्यांना भाद्रपद कृष्ण अष्टमी. दिवस तोच. एकदा आमच्या पत्रिकेच्या मराठी बाजूवर एक महिना आणि हिंदी बाजूवर दुसरा छापला गेला, आणि दोन्ही बरोबर असूनही दिवसभर चौकशीचे फोन येत राहिले. इंग्रजी तारीख मोठ्या अक्षरांत छापा, तिथी त्याखाली लहान.

जागा माणसांच्या संख्येवरून घ्या. रवींद्र नाट्यगृह देखणं आहे, पण दीडशे लोकांत ते रिकामं दिसतं आणि सत्कारमूर्तीला ते रिकामेपण जाणवतं. वस्तीतलं दत्त मंदिराचं सभागृह, शाळेचा हॉल, वाचनालयाचा दिवाणखाना भरलेला असला की वातावरणच वेगळं असतं. बघायला जाल तेव्हा व्यासपीठाच्या पायऱ्या मोजा, कठडा आहे का बघा, स्वच्छतागृह किती लांब आहे ते चालून बघा.

उघड्यावर कार्यक्रम असेल तर ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी लागते. मध्य प्रदेशात त्यासाठी १९८५चा कोलाहल नियंत्रण अधिनियम आहे, शिवाय देशभर लागू असलेला रात्री दहा ते सकाळी सहाचा नियम आहेच. बंद सभागृहाच्या आतल्या आत वापराला तो रात्रीचा नियम आड येत नाही, तरी सभागृहवाल्यांना विचारून घ्या. अर्ज निदान पंधरा दिवस आधी द्या. पोच घेतलेली प्रत कार्यक्रमाच्या दिवशी खिशात असू द्या.

## ८. पैसा

थोडक्यात सांगते. मंडळ नोंदणीकृत असेल (आपल्याकडे १९७३च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली होतं) तर सगळा व्यवहार मंडळाच्या बँक खात्यातून करा. कुणा एकाच्या फोनवर पैसे गोळा करू नका, तो माणूस कितीही विश्वासाचा असला तरी. प्रत्येक रुपयाची पावती फाडा. मोठ्या देणगीदाराला आयकरात सवलत हवी असेल, तर मंडळाकडे तशी मान्यता आहे का हे आधी सांगा. मान्यता असली तरी दोन हजारांपुढची रोख देणगी सवलतीत धरली जात नाही. सत्कारमूर्तीकडून किंवा त्यांच्या घरच्यांकडून काहीही घेऊ नका, जाहिरातीच्या रूपानेही नको.

## ९. काय द्यायचं

शाल-श्रीफळ असायलाच हवं, त्यात आपली रीत आहे. पण शाल कोणती? घाऊक भावातली चकचकीत शाल कुणी वापरत नाही. प्रत्येकाकडे अशा आठ-दहा पडलेल्या असतात. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले, ते गाव आपल्यापासून दोन-अडीच तासांवर. तिथल्या हातमागाचं उपरणं किंवा दुपट्टा घ्या. माहेश्वरीची किनार दोन्ही बाजूंनी वापरता येते, कापड हलकं असतं, माणूस ते खरोखर अंगावर घेतो. पाचच सत्कारमूर्ती असले की हे परवडतं.

स्मृतिचिन्ह लहान असू द्या. दोन फुटी काचेचा मनोरा घरी ठेवायला जागा नसते. आम्ही नंतर नंतर कामाशी जोडलेली वस्तू देऊ लागलो. मैदानावरच्या प्रशिक्षकांना मुलांसाठी मल्लखांबाचा दोर, वाचनालयाच्या ताईंना पुस्तकबांधणीचं सामान. त्या दिवशी प्रशिक्षकांनी दोर हातात घेऊन ताणून बघितला, गाठ तपासली, आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

गरजेचाही विचार करा. इंदूरजवळच्या महूचे शंकर लक्ष्मण हे भारताचे हॉकी गोलरक्षक. १९५६ आणि १९६४च्या ऑलिंपिक सुवर्णपदक संघांत होते, १९६०च्या रौप्यपदक संघातही. टोकियोच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला १-०ने हरवलं तेव्हा गोलात तेच उभे होते. अर्जुन पुरस्कार, पद्मश्री, सगळं मिळालं. तरी २००६मध्ये महूत त्यांचा शेवट झाला तो हलाखीत आणि आजारपणात. तुमच्या सत्कारमूर्तीच्या घरी औषधांचा खर्च अडत असेल तर स्मृतिचिन्हाचे पैसे पाकिटात घाला. ते पाकीट मात्र व्यासपीठावर देऊ नका, रक्कमही पुकारू नका. आदल्या दिवशी घरी पोहोचवा.

## १०. कार्यक्रमाच्या दिवशी

सत्कारमूर्तींना आणायला गाडी आणि एक नाव नेमून दिलेला कार्यकर्ता पाठवा. तो कार्यकर्ता त्यांना घरी सोडेपर्यंत त्यांच्याच सोबत राहील, पाणी, औषध, चष्मा सगळं बघेल.

क्रम आम्ही उलटा केला. दीपप्रज्वलन, पाच मिनिटांचं प्रास्ताविक, आणि लगेच सत्कार. प्रमुख पाहुण्यांचं भाषण सत्कारानंतर. पाहुण्यांना निमंत्रण देतानाच नम्रपणे सांगा की पंधरा मिनिटं आहेत आणि आजचे मुख्य लोक हे पाच आहेत. चांगले पाहुणे आनंदाने मानतात. पाचांत सगळ्यात ज्येष्ठ किंवा तब्येतीने नाजूक असतील त्यांचा सत्कार पहिला.

व्यासपीठावर खुर्च्या सत्कारमूर्तींसाठी, मधल्या. कार्यकारिणी खाली बसेल. सूत्रसंचालकाच्या हातात पाचही नावं मोठ्या अक्षरांत, उच्चारासकट लिहून द्या आणि रंगीत तालमीत म्हणवून घ्या. छायाचित्रकाराला सांगा की मानपत्र देताना दोनच फोटो, मग माणसाचा चेहरा सभागृहाला दिसू द्या.

त्यांच्या बोलण्यात कुणी मध्ये चिठ्ठी पाठवायची नाही. पाच मिनिटांची आठ झाली तरी चालतील. तो वेळ पाहुण्यांच्या भाषणातून काढा.

खाण्याचा बेत साधा असू द्या. सकाळी असेल तर पोहे-जिलबी आणि चहा. थंडीत संध्याकाळी गराडू (तळलेला कंद) किंवा भुट्ट्याचा (मक्याचा) कीस. एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकवर बंदी आहे, आणि या शहराने स्वच्छतेत नाव कमावलंय ते आपल्याच हातांनी. स्टीलच्या बशा भाड्याने घ्या, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या पेट्या वेगळ्या ठेवा. खाणं कार्यक्रम संपल्यावरच मांडा. वास सुटला की मागच्या रांगा उठतात, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकलो.

## ११. दुसऱ्या दिवसापासून

आठवड्याच्या आत छापील छायाचित्रांचा लहानसा अल्बम घरी द्या. मोबाईलवर पाठवलेले फोटो ज्येष्ठांना उघडता येत नाहीत. त्यांच्या भाषणाचं ध्वनिमुद्रण पेनड्राइव्हवर घरच्यांना द्या, एक प्रत मंडळाकडे ठेवा.

आणि ती फाईल कपाटात टाकू नका, ती पुढे न्या. खेळाडू आणि प्रशिक्षकांसाठी राज्याचे पुरस्कार आहेत: विक्रम, कनिष्ठ खेळाडूंना एकलव्य, प्रशिक्षकांना विश्वामित्र. पद्म पुरस्कारासाठी तर कुणीही नागरिक कुणाचंही नाव सुचवू शकतो, राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर, विनाशुल्क. त्यात कामाचं वर्णन जास्तीत जास्त आठशे शब्दांत द्यावं लागतं. तुमचं दोनशे शब्दांचं मानपत्र आणि फाईलमधले पुरावे असतील तर निम्मं काम झालेलंच असतं. सरकारी नोकरीत असलेल्यांना पद्म मिळत नाही, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून, हे आधी बघा. मरणोत्तर नामांकन सहसा धरलं जात नाही. मुदतीची तारीख त्या वर्षीच्या सूचनेत पाहून महिनाभर आधी अर्ज पूर्ण करा.

तबलजींचं मानपत्र आम्ही त्याच आठवड्यात नव्याने छापलं. गुरूंचं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिलं. तो कागद मंडळाच्या पहिल्या फाईलमध्ये वरच लावलेला आहे. नवा सचिव झाला की मी आधी त्याच्या हातात ती फाईल देते.